फौजेतून सुटलेली गाडी घरच्या अंगणात : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात जोंगा (जबलपूरला बनलेली फौजी गाडी), जिप्सी, निस्सान वन टन आणि जुनी जीप या फौजेतल्या गाड्यांबद्दलच इतकी पत्रं आलीत की बाकीच्या गाड्यांचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो. सातारा-सांगली पट्ट्यात घरटी कोणीतरी फौजेत गेलेलं असतं, त्यामुळे या गाड्यांवर जीव असलेली माणसं इथं भरपूर, आणि आता घरच्या अंगणात नाहीतर रानातल्या शेडमध्ये त्या पुन्हा उभ्या करायची हौसही वाढलीय, ते बघून मला मनापासून बरं वाटतं. फक्त एक गोष्ट खटकली. पत्रांत इंजिन आहे, टायर आहेत, रंग आहे, पण ब्रेकबद्दल जवळपास कोणीच विचारलेलं नाही. म्हणून जिथं विचारलं नाही तिथंही मी ब्रेकवर लिहिलंय, ते सोडून पुढं जाऊ नका.

प्रश्न : नमस्कार. मी एक जोंगा घेतलीय. आरसी नागरी आहे, एमएच १० पासिंग, पेट्रोलची नोंद. बरीच वर्षं एका शेडमध्ये उभी होती. चालू करून बघायची लई घाई झालीय. डिझेल इंजिन बसवायचं, मोठे टायर टाकायचे आणि मग रंग असं डोक्यात आहे, मिस्त्री म्हणतोय महिन्यात करून देतो. सुरुवात कुठून करू?
— द्राक्षबागायतदार, तासगाव

उत्तर : बॅटरी लावून स्टार्टर मारू नका, ही पहिली विनंती. उभ्या इंजिनात रिंगा बोअरला चिकटलेल्या असतात, वरच्या बाजूला तेलाचा थेंब नसतो, आणि तशात सेल्फ फिरवला की बोअरला ओरखडे पडतात, मग जे काम ऑइल बदलून भागलं असतं ते थेट लेथवर जातं. सहाही प्लग काढा, प्रत्येक भोकातून थोडं इंजिन ऑइल सोडा, एक-दोन दिवस तसंच मुरू द्या आणि मग क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून हातानं फिरवून बघा. सहज फिरलं तर नशीब चांगलं. बॅटरी लावायच्या आधी गाडी १२ व्होल्टची आहे का २४ ची हे स्टार्टर आणि वायपर मोटरवरच्या पट्टीवर वाचून घ्या, फौजी गाड्यांत दोन्ही सापडतात आणि मधल्या मालकांनी काय-काय बदललंय ते सांगता येत नाही.

टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढून टाका. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं, आपल्याच भागातल्या साखर कारखान्यांचा त्यात वाटा आहे, पण जोंगाच्या वेळचे रबरी पाइप आणि फ्युएल पंपाचा पडदा इथेनॉलसाठी बनवलेले नव्हते, ते फुगतात, चिरतात, आणि गरम मॅनिफोल्डवर पेट्रोल ठिबकलं तर गाडी जळते. म्हणून इथेनॉल चालणारे पाइप, नवा पडदा, नवं फिल्टर हे इंजिन चालू करायच्या आधी. इथेनॉल पाणीही ओढून घेतं, तेव्हा गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची असेल तर टाकीला आतून गंज धरणार हे लक्षात ठेवा.

आता चासी. गाडी चार मजबूत स्टँडवर घ्या आणि हातोडी आणि जुना स्क्रू ड्रायव्हर घेऊन खाली जा. ठोकत जा, जिथं खणखण आवाज येतो तिथं लोखंड आहे, जिथं बद्द आवाज येतो तिथं टोचून बघा. पाट्यांचे (पट्ट्यांच्या स्प्रिंगचे) हँगर, स्टेअरिंग बॉक्स जिथं बोल्ट केलाय तो भाग, मागचा क्रॉस मेंबर आणि बॉडी माउंट, या चार जागा मला आधी बघाव्याशा वाटतात, कारण चिखल तिथंच साठतो. गंजलेल्या जागेवर नुसता पत्रा ठेवून वरनं वेल्डिंग ओढून देणारे पुष्कळ आहेत. तसं करून घेऊ नका. सडलेलं कापून काढायचं, तेवढ्याच जाडीची प्लेट घालायची, वरून जोडपट्टी द्यायचीच तर तिची टोकं तिरकी कापायची, चासीला आडवी सरळ रेघ वेल्डिंगची कधी मारायची नाही, कारण चासी पुढं त्याच रेघेवर तडकते. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि अल्टरनेटरचं कनेक्शन काढायचं.

मग ब्रेक. जोंगाला चारही चाकांना ड्रम, आणि जुन्या गाड्यांत मास्टर सिलिंडर (पॅडल दाबलं की चाकांकडं ऑइल ढकलतो तो) एकाच लाइनीचा, म्हणजे एका चाकाचा पाइप फुटला की पॅडल थेट फळीला टेकतं आणि चारही ब्रेक एकदम जातात. हे आहे तसंच ठेवून गाडी सुंदर करण्यात काही अर्थ नाही. दोन लाइनींचा टँडम मास्टर सिलिंडर बसवा, पुढची चाकं वेगळी, मागची वेगळी. सिलिंडरचा बोअर जुन्याच्या मापाला जुळणारा आणि ड्रम ब्रेकसाठीचाच घ्या, डिस्कच्या गाडीचा उचलून लावला तर पॅडल एकतर दगडासारखं होतं नाहीतर दोनदा पंप केल्याशिवाय लागत नाही. व्हील सिलिंडरला आतून खड्डे असतील तर नुसतं किट घालून उपयोग नाही, महिन्याभरात पुन्हा गळतात, नवे घ्या किंवा स्लीव्ह घालून घ्या. पाइप स्टीलचेच. तांब्याचा पाइप हातानं वाकवायला सोपा म्हणून लावतात, पण थरथरीनं तो थकतो आणि तडकतो. सगळे होज नवे, ऑइल सीलबंद डब्यातलं, कारण ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा पिऊन घेतं आणि घाट उतरताना तेच पाणी उकळून ब्रेक जातो. दर दोन वर्षांनी बदला.

स्टेअरिंग एका माणसानं थोडंथोडं हलवत राहायचं आणि दुसऱ्यानं खाली झोपून एकेका जॉइंटवर हात ठेवून बघायचं, कुठला जॉइंट आधी हलतो आणि पुढचा उशिरा हलतो ते हाताला लगेच कळतं.

हे सगळं झाल्यावर इंजिन. जोंगा म्हणजे निस्सानच्या पॅट्रोल ६० या मॉडेलची जबलपूरला बनलेली गाडी, ३९५६ सीसीचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, खालच्या आरपीएमलाच ओढणारं. मला हे इंजिन फार आवडतं, आणि ते फेकून कुठल्यातरी टेंपोचं डिझेल इंजिन घालायचं हे ऐकून वाईट वाटतं. ॲव्हरेज कमीच मिळणार, ते धरूनच चला, ही रोज बागेत फेऱ्या मारायची गाडी नाही. पण आवडीनिवडीचं बाजूला ठेवा, कायद्याचं बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत आरसीवरच्या नोंदीशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच ठामपणे सांगितलंय. आरसीवर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल, अशा गाडीनं उद्या कोणाला धक्का लागला तर इन्शुरन्स कंपनी हात वर करू शकते आणि भरपाई तुमच्या बागेवर येते. तेव्हा आधी कॉम्प्रेशन मोजून घ्या. सहाही सिलिंडर एकमेकांच्या दहा-पंधरा टक्क्यांत असतील तर इंजिन उघडूच नका. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा, आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. हेड खाली उतरलंच तर कडक व्हॉल्व्ह सीट बसवून घ्या, भारतात शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं आणि जुन्या मऊ सीट्सना त्या शिशाचाच आधार होता.

महिन्यात होणार नाही हे. मिस्त्री चांगला असेल तर त्याला घाई करू नका.

प्रश्न : मी निवृत्त सुभेदार. नातवानं जोंगा आणलीय. माझी इच्छा आहे की ती मी चालवायचो तशीच दिसावी, ऑलिव्ह ग्रीन रंग, पुढं बाणाची नंबर प्लेट. नातू म्हणतो पोलीस पकडतील. खरं आहे का?
— अपशिंगे, जि. सातारा

उत्तर : सुभेदारसाहेब, नातवाचं बरोबर आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२१ सरळ सांगतो की संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून इतर कुठल्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. वर बाण असलेली प्लेटही फौजेचीच, ती नागरी गाडीवर नको. फौजेची गाडी नाक्यावर वेगळी ओळखू येणं किती गरजेचं असतं हे तुम्हाला मी काय सांगणार.

पण तुमची गाडी तुमच्यासारखी ठेवायला बाकी खूप काही आहे. रंग घासायच्या आधी प्रत्येक बाजूचे फोटो काढून ठेवा आणि घासताना थर हळूहळू जाऊ द्या, खालून जुनी स्टेन्सिलची अक्षरं, युनिटच्या खुणा, जुने नंबर निघतात, ते पुन्हा कधी दिसणार नाहीत. डॅशबोर्डवरच्या गिअरच्या आणि स्पीडच्या पट्ट्या, जबलपूरच्या फॅक्टरीची पट्टी, जेरी कॅनचं स्टँड, फावडं-कुदळ अडकवायचे पट्टे, मागचा टो हुक, हे सगळं मूळचं ठेवा, नवं क्रोम काही लावू देऊ नका. रंगाला वाळूचा किंवा करडा घ्या, बिनचकाकीचा, या गाडीच्या सरळ पत्र्यावर तो शोभतो. आरसीवरच्या रंगापेक्षा वेगळा असेल तर आरटीओत नोंद करून घ्यायची. आणि एक विनंती, नातवाला शेजारी बसवून ती गाडी कशी चालवायची ते तुम्हीच शिकवा, लो गिअरमध्ये उतार कसा उतरायचा हे आता सांगणारी माणसं कमी राहिलीत.

प्रश्न : सर मी इंजिनीअरिंगला आहे. आर्मीच्या जिप्सी लिलावात स्वस्त मिळतात असं ऐकलंय. एक जण म्हणतोय माझ्याकडं आहे, पैसे दे, कागद नंतर होतील. घेऊ का?
— विद्यार्थी, कराड

उत्तर : नको रे. कागद नंतर होत नाहीत.

नीट समजून घे. फौजेच्या गाडीची आरटीओत नोंद नसते, तिचा नंबर फौजेच्याच हिशेबातला. ती बाद झाली की लिलाव होतो, बराचसा सरकारच्या एमएसटीसी या कंपनीच्या ई-लिलावातून, आणि गाडी आहे तशी, आहे तिथं, या अटीवर मिळते, नंतर तक्रार चालत नाही. लिलावाच्या कागदात आधी हे वाच की तो लॉट वाहन म्हणून विकतायत का भंगार म्हणून. भंगार म्हणून विकलेल्या गाडीचं पासिंग होत नाही, मग ती कितीही चांगली चालत असू दे, आणि गावोगाव ज्या बिनकागदाच्या जिप्स्या पडून आहेत त्यातल्या बऱ्याच अशाच आहेत.

वाहन म्हणून विकली असेल तर फौजेच्या संबंधित अधिकाऱ्यांनी दिलेलं मूळ विक्री प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २१, हा सगळ्यात महत्त्वाचा कागद. नोंदणीचा अर्ज फॉर्म २० वर करायचा, सोबत इन्शुरन्स, पत्त्याचा पुरावा. फॉर्म २१ वरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर प्रत्यक्ष कागद ठेवून पेन्सिलनं घासून जुळवून बघ, एक आकडा जरी इकडचा तिकडं असला तरी थांब. आणि बोली लावायच्या आधी स्वतः कराडच्या आरटीओत जाऊन, एजंटाला नव्हे तर खिडकीवर विचार की या सालची, या मॉडेलची गाडी नोंदवून घेतील का. ते हो म्हणाले तरच पुढं जा. वडिलांना बरोबर ने.

प्रश्न : माझ्याकडं जिप्सी किंग आहे, एक्स आर्मी, कागद क्लिअर. ३१ इंची टायर टाकले, लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी पट्टी) टाकून उचलली. आता यवतेश्वर घाटात ओढत नाही आणि साठच्या स्पीडला स्टेअरिंग असं थडथडतं की गाडी थांबवावी लागते. गॅरेजवाला म्हणतोय स्टेअरिंग डँपर (धक्के शोषणारा दांडा) टाका. टाकू का? कासला मित्रांबरोबर ऑफरोडिंग करायचंय.
— सातारा

उत्तर : डँपर टाकून थडथड लपेल, जाणार नाही, आणि लपलेली थडथड जास्त वाईट.

आधी टायरचं गणित बघा. किंगचा मूळ टायर २०५/७० आर १५, म्हणजे उंची साधारण ६६८ मिलिमीटर. ३१ इंची म्हणजे ७८७. जवळजवळ १८ टक्क्यांनी मोठा. म्हणजे मीटरवर साठ दिसतं तेव्हा तुम्ही सत्तरच्या वर असता, आणि प्रत्येक गिअर तेवढाच उंच झालेला असतो. इंजिन १२९८ सीसीचं, ८० हॉर्सपॉवर आणि १०३ न्यूटन मीटर टॉर्क, तोही साडेचार हजार आरपीएमला. त्या बिचाऱ्यानं घाटात ओढायचं कसं? वर जड चाकं थांबवायला तेच जुने ब्रेक. तुम्हाला मोठा टायर हवाच असेल तर फार तर २३५/७५ आर १५ चा विचार करता येईल, उंची साधारण ७३३, म्हणजे दहा टक्के, पण फेंडरच्या बाहेर येणार नाही आणि आरटीओला चालेल ते आधी बघा. माझं स्पष्ट मत, मूळ मापात चांगल्या खाचांचा टायर आणि हवा जागेनुसार कमी-जास्त करायची सवय, या गाडीला एवढं पुरतं. जिप्सी जिथं जाते ती तिच्या कमी वजनामुळं जाते.

आता थडथड. पहिल्यांदा चाकं बॅलन्स करून घ्या, चिखल रिमच्या आत वाळून बसलेला असतो. मग पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवा. खेळ असेल तर व्हील बेअरिंग किंवा किंगपिनचं (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खुंटाचं) बेअरिंग, एक्स आर्मी जिप्सीत बहुतेक वेळा किंगपिनच निघतं, नकलचं ऑइल सील गेलेलं असतं, आत पाणी आणि माती. बेअरिंग बदलताना शिम घालून योग्य ताण द्यायचा असतो, नुसती बेअरिंग ठोकून बसवणाऱ्याकडं काम देऊ नका. ड्रॅग लिंक आणि टाय रॉडची टोकं बघा. आणि ते लांब शॅकल काढा. जिप्सीला पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला असतं, ते लांब केलं की ॲक्सल पुढं झुकतो, कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागचा कल, कमी होतो, आणि चाक आपोआप सरळ व्हायची ताकद गमावतं. तुमची थडथड तिथूनच सुरू झाली असणार. पाटे बसले असतील तर चांगल्या पाटेवाल्याकडून कमान मारून घ्या किंवा नवे घाला, बुश आणि यू-बोल्ट बरोबरच बदला, गाडी आपोआप मूळ उंचीला येते.

फोर बाय फोर कोरड्या डांबरावर लावू नका. पुढचा-मागचा ॲक्सल एकत्र बांधला जातो, वळताना दोन्हींना वेगळं अंतर कापायचं असतं, ते डांबरावर घसरून सुटत नाही आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारा डबा) आणि शाफ्टचे क्रॉस मार खातात. माती, चिखल, वाळू, तिथंच.

आणि कासच्या पठारावर गाडी घालायची नाही. तिथं कातळावर बोटभर माती आहे, त्या मातीत वर्षातले काही आठवडे ती फुलं येतात, एकदा चाक फिरलं की ती माती पावसात वाहून जाते आणि परत येत नाही. जागतिक वारसा म्हणून २०१२ साली पश्चिम घाटातल्या ज्या जागा निवडल्या गेल्या त्यात कास आहे. तुमच्या कोणाच्या रानात, ऊस गेल्यावर, मालकाला विचारून करा की, खोडव्याची सरी नाही अशा जागी. गाडीचा कसही लागतो आणि कोणाचं नुकसान नाही.

प्रश्न : निस्सान वन टनच्या चाकाला रिंग आहे, टायर काढायचाय, पंक्चरवाला नको म्हणतोय. घरी काढता येईल का?
— विटा

उत्तर : नाही. तो नको म्हणतोय ते योग्य आहे. लॉक रिंगच्या चाकात हवा भरताना रिंग नीट बसलेली नसेल तर ती सुटून उडते आणि माणूस जागेवर जातो, अशी माणसं गेलेली आहेत. ट्रकच्या टायरचं काम करणारा, लोखंडी पिंजरा असलेला दुकानदार शोधा. चाक गाडीवरून उतरवायच्या आधीच व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडा. रिंग गंजलेली, वाकलेली असेल तर भंगारात. जुन्या जीपच्या दोन तुकड्यांच्या बोल्टवाल्या रिमलाही हाच नियम, हवा असताना ते बोल्ट सैल करायचे नाहीत.

प्रश्न : जुनी जोंगा उन्हाळ्यात तापते, मिस्त्रीनं थर्मोस्टॅट काढून टाकला तरी तापते.
— दहिवडी

उत्तर : थर्मोस्टॅट परत बसवा, तो काढूनही तापते म्हणजे कारण दुसरं आहे, आणि तो नसला की इंजिन नीट गरम न होता झिजतं. तुमच्या माण-खटाव भागातलं बोअरचं पाणी जड, तेच वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतलं गेलं असणार आणि नळ्यांत क्षाराचा थर बसलाय. रेडिएटर पितळी असतो, तो उघडून नळ्यांत सळई घालून साफ करणारे जुने कारागीर अजून आहेत, त्यांच्याकडं द्या. इंजिनाच्या ब्लॉकमधला ड्रेन प्लग काढून तिथला गाळ काढा, नवी प्रेशर कॅप, पंख्याभोवतीचा पत्र्याचा गोल जागेवर आहे का ते बघा, आणि यापुढं डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, बोअरचं पाणी अजिबात नाही.

प्रश्न : आमची जिप्सी २०२१ च्या पुरात दोन दिवस पाण्यात होती. तेव्हा इंजिन उघडून केलं, चालते. पण गिअर आवाज करतात, मागून घूं घूं येतं. आता अजून काय बघायचं? पुन्हा पाणी आलं तर काही करता येतं का?
— सांगलीवाडी

उत्तर : २००५, २०१९, २०२१, कृष्णेनं आपल्याला इतक्यांदा दाखवलंय तरी पुरातल्या गाडीचं फक्त इंजिन उघडतात आणि बाकी विसरतात. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलचं ऑइल काढून बघा. दुधाळ किंवा चहासारखं निघालं तर पाणी आत आहे. आधी स्वस्त ऑइल भरून थोडं चालवा, काढा, मग चांगलं भरा. डिफरन्शियलला जीएल ५ दर्जाचं ऑइल, पण गिअरबॉक्सला जीएल ४ च, कारण जीएल ५ मधली रसायनं गिअर जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगा खातात. दुकानदार दोन्हीला एकच नव्वद नंबर देतो, डबा वाचून घ्या. घूं घूं मागच्या बेअरिंगची किंवा डिफरन्शियलची असणार, इतक्या वर्षांत गंजलेली, ती बदलावीच लागेल. चारही चाकांचे ब्रेक उघडा, गाळ अजून आत असेल.

आणि पुढच्या वेळेसाठी एक अगदी कमी खर्चाचं काम. ॲक्सलच्या वर छोटा श्वास घ्यायचा व्हॉल्व्ह असतो. गरम ॲक्सल गार पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि तो व्हॉल्व्ह नाहीतर सील पाणी आत ओढतं. त्या जागी नळी जोडून ती वर, बॉनेटच्या आत फायरवॉलपर्यंत न्या, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसचंही तसंच करा. ओढा ओलांडणाऱ्या प्रत्येक गाडीला माझ्या मते हे पहिलं अपग्रेड, स्नॉर्केल आणि लाइटच्या पट्ट्या राहू द्यात.

प्रश्न : आजोबांची युद्धाच्या काळातली विलीज जीप आहे, ६ व्होल्टची. १२ व्होल्ट करावी का? आणि व्हिंटेजचा नंबर मिळेल का?
— वाई

उत्तर : फक्त समारंभाला बाहेर काढणार असाल तर ६ व्होल्टच राहू द्या. लाइट मंद आणि सेल्फ जड या तक्रारी बहुतेक वेळा बारीक वायर आणि गंजलेल्या अर्थच्या असतात, ६ व्होल्टला करंट दुप्पट लागतो त्यामुळे वायर जाड हवी आणि अर्थ घासून चकचकीत हवा. चासीपासून इंजिनाला वेगळी अर्थ पट्टी द्या, फरक लगेच कळेल. रोज वापरणार असाल तर १२ करा, पण मग बल्ब, कॉइल, डायनॅमो आणि कटआउट, मीटर सगळंच बदलायचं. काढलेला प्रत्येक मूळ भाग डब्यात चिठ्ठी लावून ठेवा.

२०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली दुचाकी-चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये आणि मुदत दहा वर्षं. पण मग ती रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच. आधीची नोंदणी चालू असेल तर जुना नंबर ठेवायची सोय आहे, आणि आजोबांचा नंबर असेल तर मी तो सोडणार नाही. ही साठ हॉर्सपॉवरची २.२ लिटरची गाडी आहे, तिला कोणतंच नवं इंजिन नको.

प्रश्न : आमचे हे आणि दीर मिळून अंगणात जुन्या मिलिटरी गाडीचं काम करतात. रात्री उशिरापर्यंत ठोकाठोक, पेट्रोलचा वास, घरात दोन लहान मुलं. छंदाला माझा विरोध नाही पण भीती वाटते. काय काळजी घ्यायला सांगू?
— गृहिणी, मिरज

उत्तर : ताई, तुमचा प्रश्न या सगळ्यात महत्त्वाचा आहे, हे उत्तर त्या दोघांना वाचायला द्या.

गाडी नुसत्या जॅकवर उचलून खाली कोणी जायचं नाही. जॅकचं सील कधीही जातं. लोखंडी स्टँड, खाली फरशी नाहीतर जाड प्लेट, कारण अंगणातल्या मातीत स्टँड रुततो, आणि विटा तर अजिबात नाहीत, वीट दाबाखाली एकदम फुटते. स्टँडवर घेतल्यावर गाडी बाजूनं ढकलून बघायची, मगच खाली जायचं.

पेट्रोलची टाकी घरी वेल्डिंग करायची नाही. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा धोक्याची, आत वाफ भरलेली असते आणि ठिणगीला ती स्फोटासारखी पेटते. पाण्यानं धुतली म्हणून भागत नाही. हे काम करणारे वेगळे कारागीर आहेत, त्यांच्याकडं पाठवा नाहीतर नवी टाकी करून घ्या. काढलेलं पेट्रोल घरात, जिन्याखाली, प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवू देऊ नका, मुलं पाणी समजून तोंडाला लावतात.

जुन्या गाड्यांच्या ब्रेक लायनरमध्ये आणि क्लच प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ड्रम उघडून कॉम्प्रेसरच्या हवेनं धूळ उडवायची पद्धत आहे, ती पूर्ण बंद. ती धूळ फुप्फुसात बसते आणि वर्षांनी कॅन्सर करते. पाण्याचा फवारा मारून ओल्या फडक्यानं पुसायचं, फडकं पिशवीत बांधून टाकायचं, चांगला मास्क लावायचा, आणि ते कपडे मुलांच्या कपड्यांबरोबर धुवायचे नाहीत. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासण्यापेक्षा ओलं घासणं किंवा कुपवाडच्या एमआयडीसीत ब्लास्टिंग करून आणणं बरं.

आग विझवायचं पावडरचं सिलिंडर गाडीपासून चार पावलांवर, वाळूची बादली, आणि काम चालू असताना मुलं दाराच्या आत. रात्री नऊनंतर ग्राइंडर बंद, शेजाऱ्यांसाठी तर आहेच पण दमलेल्या माणसाच्या हातात ग्राइंडर नको.

पुढच्या अंकात डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवण्यावर आलेले प्रश्न घेतो. पत्रात गाडीचं साल, इंजिन आणि आरसीवर काय नोंद आहे एवढं नक्की लिहा, त्याशिवाय नीट उत्तर देता येत नाही.